कोणते पाप खपते आणि कोणते खपत नाही? : धर्म, लग्न आणि समलैंगिकता

धर्मांच्या यादीत पापे पुष्कळ आहेत. खोटे बोलणे, चोरी, व्याजबट्टा, दारू, जुगार, परस्त्रीगमन, मजुराची मजुरी बुडवणे, पोटातच मुलीला मारणे. आम्ही सोलापुरातल्या वस्त्यांमधून काम करतो. तिथे ही सगळी पापे रोज डोळ्यांसमोर घडतात. बिडी वळणाऱ्या बाईला सावकार पिळतो, मटक्यावर अख्खा पगार जातो, हुंड्याच्या पायी सून माहेरी येऊन बसते. पण सावकाराच्या विरोधात एखाद्या मठाने पत्रक काढल्याचे आम्ही पाहिले नाही. हुंडा घेणाऱ्याला कोणत्या देवळाने, मशिदीने वा चर्चने दारात अडवले नाही. उलट त्याच्याच देणगीची फरशी गाभाऱ्यासमोर बसते.

मात्र दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकमेकांवर प्रेम करतात असे म्हटले की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे धर्म एका बाकावर येऊन बसतात. हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. केंद्र सरकारने या निकालावर अपील केले नाही. मग सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? दिल्लीतले एक ज्योतिषी, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, अपोस्टॉलिक चर्चेसची संघटना, आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टी! हो, नावातच मनू मिरवणारा पक्ष. ज्या मनूला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये आगीत टाकले, त्याचे वारसदार आणि मौलवी-पाद्री एकाच बाजूने उभे राहिले. ११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकलेही.

असे का व्हावे? बाकीच्या पापांवर गप्प बसणारा धर्म याच एका गोष्टीवर इतका का खवळतो? याचे उत्तर "ग्रंथात तसे लिहिले आहे" इतके सोपे नाही. ग्रंथात तर पुष्कळ काही लिहिले आहे. प्रश्न असा आहे की लिहिलेल्यातले नेमके कोणते वाक्य उचलायचे हे कोण ठरवते, आणि कशासाठी?

मनूचा राग नेमका कशावर आहे?

आधी मनुस्मृतीच उघडू. अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग करणे हे जात भ्रष्ट करणाऱ्या पापांत घातले आहे. ऐकायला भयंकर वाटते. पण त्याच यादीत ब्राह्मणाला पीडा देणे, दारूचा वास घेणे आणि कपट करणे हीसुद्धा पापे आहेत. त्याच अध्यायात पुढे प्रायश्चित्त येते. द्विजाने पुरुषाशी संग केला, किंवा बैलगाडीत, पाण्यात वा दिवसाढवळ्या स्त्रीशी संग केला, तर त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करावे. बस्स. म्हणजे मनूच्या हिशेबात ही गोष्ट दिवसा बायकोजवळ जाण्याच्या पंगतीत बसते.

आता आठवा अध्याय काढा. शूद्राने द्विज स्त्रीशी संबंध ठेवला तर? ती राखणीत नसेल तर त्याचा अवयव आणि सर्वस्व जाते. राखणीत असेल तर सर्वस्वासह जीवही जातो. आणि ब्राह्मणाने तसाच गुन्हा केला तर? त्याचे डोके भादरायचे. इतरांना जिथे मृत्युदंड तिथे ब्राह्मणाला मुंडण. एका ठिकाणी आंघोळ, एका ठिकाणी मुंडण, एका ठिकाणी मरण. मनूला वासनेची भीती नव्हती, वर्णसंकराची होती. पाप शरीराच्या कोणत्या भागाने केले याला महत्त्व नव्हते. त्याने जातीचे कुंपण तुटते का, याला होते.

याच अध्यायात स्त्री-स्त्री संबंधांवरही दंड आहे, आणि तो पुरुषांच्या आंघोळीपेक्षा कितीतरी कडक आहे. एका कुमारिकेने दुसऱ्या कुमारिकेला "दूषित" केले तर दोनशे पण दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके. प्रौढ स्त्रीने केले तर मुंडण किंवा दोन बोटे छाटून गाढवावरून धिंड. पुरुषाला आंघोळ आणि स्त्रीला बोटे छाटणे, हा फरक कशाने पडला? कुमारिका ही लग्नाच्या बाजारातली वस्तू होती, तिच्या "शुद्धते"ची किंमत बाप घेत होता. म्हणून तर दंडात दुप्पट शुल्क आले. नुकसान मुलीचे नव्हे, मालकाचे मोजले गेले.

आमच्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. सोलापूरहून फार लांब नसलेल्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात शरणांची चळवळ उभी राहिली. सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याच परंपरेतले. तिथे ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचे लग्न लागले. परंपरा सांगते की बिज्जळ राजाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत मारले आणि कल्याण पेटले. शरणांनी वेद नाकारले, देवळे नाकारली, तोवर कसेबसे चालले होते. लग्नाला हात घातला तेव्हा रक्त सांडले. आजही करमाळा-जेऊरच्या मातीतून "सैराट"सारखा चित्रपट निघतो आणि सगळ्या महाराष्ट्राला त्याचा शेवट खरा वाटतो, तो का, हे वेगळे सांगायला नको.

युरोपातही पाप बदलत गेले

आता ख्रिस्ती परंपरा पाहू, कारण कलम ३७७ तिकडून आले. बायबलच्या लेवीय पुस्तकात पुरुषाने पुरुषाशी संग केल्यास मृत्युदंड आहे. पण त्याच प्रकरणात, काही ओळी आधी, परस्त्रीगमनालाही मृत्युदंड आहे. त्याच पुस्तकात कोळंबी-खेकडे अमंगळ आहेत आणि दोन धाग्यांचे मिश्र कापड घालणे निषिद्ध आहे. सदोम नगराचे पाप म्हणून आज सगळे समलैंगिकतेकडे बोट दाखवतात. पण यहेज्केल संदेष्टा सदोमचा दोष सांगतो तो गर्वाचा, भरल्या पोटी सुस्त राहण्याचा आणि गरिबाला हात न देण्याचा. हा अर्थ कोणत्या धनाढ्य चर्चला परवडणार?

व्याजाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मध्ययुगीन युरोपात व्याज खाणे हे महापाप होते. इटालियन कवी दांतेने चौदाव्या शतकात रंगवलेल्या नरकात सावकार आणि समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष एकाच वर्तुळात, एकाच तापलेल्या वाळूवर आहेत. दोघांचा गुन्हा एकच : निसर्गाविरुद्ध वागणे. पैशाला पैसा विणे हेही तेव्हा अनैसर्गिकच मानले जाई. पुढे काय झाले? व्यापार वाढला, पेढ्या वाढल्या, राजे आणि पोप स्वतःच कर्ज काढू लागले. सावकार त्या नरकातून बाहेर पडला आणि बँकेचा संचालक झाला. समलिंगी माणूस मात्र तिथेच राहिला. कारण त्याच्यावाचून कोणाचा धंदा अडत नव्हता. येशूने स्वतः घटस्फोटाविरुद्ध स्पष्ट सांगितले असल्याचे शुभवर्तमानात आहे. तरीही बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी घटस्फोटाशी जुळवून घेतले. कारण घटस्फोट घेणारे त्यांच्याच बाकांवर बसलेले होते.

दुसरी गोष्ट, हे पाप शत्रूच्या कपाळावर मारायला फार सोयीचे होते. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात लिहिले गेले की अशा कृत्यांमुळे दुष्काळ, भूकंप आणि रोगराई येते. म्हणजे राज्यकर्त्याच्या अपयशाला एक बळीचा बकरा मिळाला. मध्ययुगात धर्मद्रोही पंथांवर हाच आरोप होई. इंग्रजीत अशा कृत्याला वापरला जाणारा "बगरी" हा शब्द "बल्गेरियन" या शब्दापासून आला आहे, कारण बल्गेरियातले बोगोमिल पंथीय चर्चला मानत नव्हते. १५३३ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने यावर फाशीचा कायदा केला, तोही पोपशी भांडण चालू असताना; जो गुन्हा आजवर चर्चच्या कोर्टात होता, तो राजाच्या कोर्टात आणला गेला. इंग्लंडमध्ये या कलमाखाली शेवटची फाशी १८३५ साली झाली.

दोनच वर्षांनी, १८३७ मध्ये मेकॉलेच्या विधी आयोगाने भारतासाठी दंड संहितेचा मसुदा दिला. १८६० मध्ये संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. यातली तीन कलमे शेजारी ठेवून वाचा. निसर्गक्रमाविरुद्ध संभोग, कलम ३७७ : जन्मठेपेपर्यंत शिक्षा. व्यभिचार, कलम ४९७ : पाच वर्षांपर्यंत, आणि गुन्हा नवऱ्याविरुद्धचा, त्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बलात्कार, कलम ३७५ : बायको दहा वर्षांची झाली की नवऱ्यावर गुन्हा नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या पोरीवर नवऱ्याने जबरदस्ती केली तर तो निसर्गक्रम, आणि दोन मोठी माणसे आपखुशीने एकत्र आली तर जन्मठेप!

१८९१ मध्ये सरकारने ती दहाची मर्यादा बारा करायचे ठरवले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून टिळकांसह सनातन्यांनी रान उठवले. त्यांना पोरींचे मरण अनैसर्गिक वाटले नाही. आणि हे सारे धर्मग्रंथामुळेच होते म्हणावे, तर खलिफा ज्या गादीवर बसत होता त्या तुर्की साम्राज्याने १८५८ च्या आपल्या दंड संहितेत समलिंगी संबंधांना शिक्षाच ठेवली नव्हती. ग्रंथ तोच, पण कायदा वेगळा. मग शत्रुत्वाचे मूळ ग्रंथाबाहेर शोधावे लागते.

१९३४ : बाबासाहेब कोर्टात कोणासाठी उभे राहिले?

या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे आणि ते आपल्या चळवळीने अभिमानाने वाचायला हवे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्वे यांचे पुत्र, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात शिकवत. या कामामुळे १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. १९३१ साली व्यभिचाराविषयीच्या लेखाबद्दल त्यांना दंड झाला. एकीकडे मिशनरी, दुसरीकडे पुण्या-मुंबईचे सनातनी. म्हणजे बाकावर शेजारी बसणे तेव्हाही चालू होतेच.

पुढचा खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर झाला. लोक आपल्या लैंगिक अडचणी विचारत, कर्वे सरळ उत्तर देत. त्यांत हस्तमैथुनाचा प्रश्न होता, समलिंगी संबंधांचाही होता. उत्तरात निषेध नाही, प्रायश्चित्त नाही, फक्त माहिती. ही अश्लीलता ठरवून कर्व्यांना अटक झाली. १९३४ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोकांचे अज्ञान ज्ञानानेच जाईल, लपवून जाणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलैंगिकतेबाबत त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधार घेतला. ज्यांचा कल जन्मतःच तसा आहे त्यांना आपल्या पद्धतीने सुखी होण्याचा हक्क आहे, इथपर्यंत तो युक्तिवाद गेला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

काही जण म्हणतील, वकील कोणाचेही वकीलपत्र घेतो, त्यात काय एवढे? तर साल पाहा. १९३२ चा पुणे करार मागे आहे, १९३५ ची येवल्याची घोषणा पुढे आहे. सगळे सनातनी बाबासाहेबांच्या अंगावर धावून येत असताना, बदनाम मासिकाच्या, पैसा नसलेल्या संपादकाचा खटला त्यांनी अंगावर घेतला. ज्याला फक्त फी हवी त्याने ही केस घेतली नसती. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, यावरून हा विषय त्यांच्या राजकारणात उपरा नव्हता हे दिसते. बाबासाहेबांनी समलैंगिकतेवर ग्रंथ लिहिला असा आमचा दावा नाही. कोर्टात ते कोणाच्या बाजूला उभे राहिले आणि कोणाच्या विरोधात, एवढेच आम्ही दाखवतो.

मग याच पापावर इतका राग का?

इतिहासातून आम्हाला चार कारणे दिसतात.

पहिले, हे फुकटात झोडपता येणारे पाप आहे. किर्तनकाराने हुंड्यावर बोट ठेवले तर मांडवातले अर्धे लोक उठून जातील. व्याजावर बोलला तर देणगीदार जाईल. पण समलिंगी माणसे थोडी आणि गप्प असतात. त्यांना शिव्या दिल्या की श्रोत्यांतला प्रत्येक जण स्वतःला पुण्यवान समजून घरी जातो. स्वतःचे काही सोडावे लागत नाही.

दुसरे आणि सर्वांत मोठे कारण लग्न हे आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातींवरच्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. जातीत जोड्या बिनचूक जुळल्या पाहिजेत; एखादी बाई वा पुरुष शिल्लक राहिला की जातीला धोका. त्यातूनच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. आता या गणितात समलिंगी माणूस ठेवून पाहा. चोर, दारुडा, जुगारी, बाहेरख्याली हे सगळे बोहल्यावर चढतात. जातीला, वंशाला आणि सातबाऱ्याला वारस देतात. म्हणून त्यांचे पाप धर्म पोटात घालतो. समलिंगी माणूस बोहल्यावर चढायलाच नकार देतो. धर्माने माफ केलेली पापे आणि न माफ केलेली पापे यांतला फरक इथे आहे. आंतरजातीय लग्न करणारा आणि समलिंगी प्रेम करणारा या दोघांवरचा राग एकाच चुलीवर शिजतो. हिंदू कोड बिलावर साधू-संत का चवताळले होते? त्यात देव नाकारला नव्हता; लग्न, घटस्फोट आणि वारसा यांना हात घातला होता.

तिसरे, पुरुषप्रधानता. समलिंगी पुरुषाला शिवी देताना त्याला "बाई" म्हणतात. बाई होणे म्हणजे खाली उतरणे, असे मानणाऱ्या समाजातच ही शिवी लागते. आणि स्त्री जर पुरुषावाचून सुखी होऊ लागली तर? १९९८ च्या डिसेंबरात "फायर" चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहे फोडली गेली. एरवी पडद्यावर बाईवरच्या बलात्काराचे प्रसंग वर्षानुवर्षे चालले, कोणाची काच फुटली नाही.

चौथे, पश्चात्तापाचा नकार. चोर म्हणतो, चुकलो. दारुडा माळ घालतो. पापी माणूस पाया पडला की धर्माचे दुकान चालते. अभिषेक, नवस, प्रायश्चित्त, दक्षिणा. पण समलिंगी माणूस म्हणतो, यात चुकले काय? मी असाच आहे. ज्याला आपले पापच मान्य नाही त्याला पापमुक्ती कशी विकणार? म्हणून त्याच्या कृतीवरचा राग त्याच्या असण्यावर जातो. कृती धुता येते, असणे धुता येत नाही. ही भाषा आपल्याला परकी आहे का? आपल्या आजोबा-पणजोबांनी काय गुन्हा केला होता? त्यांचे असणे हाच गुन्हा होता. दोन्ही दुःखे सारखी आहेत असे आम्ही म्हणत नाही. अस्पृश्याला निदान घरात आई जवळ घेत होती. अशा मुलाला पहिला बहिष्कार घरातच भेटतो. पण असण्यालाच विटाळ मानायची युक्ती तीच आहे.

"आमच्या धर्मात त्यांना मान आहे"

इथे एक प्रतिवाद ऐकू येतो. आपल्या संस्कृतीत शिखंडी आहे, अर्धनारीश्वर आहे, यल्लम्माचा जोगता आहे. वैर पाश्चात्त्यांनी आणले. सोलापूर-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आम्ही हा मान जवळून पाहतो. पोराच्या वागण्यात बायकीपणा दिसला किंवा केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले म्हणायचे. सौंदत्तीला नेऊन सोडायचा. लुगडे, हातात बांगड्या, कपाळी भंडारा, डोक्यावर जग, आणि मंगळवार-शुक्रवार दारोदार जोगवा. जोगता आणि समलिंगी पुरुष एकच नव्हेत, हे आम्हाला कळते. पण धर्म दोघांना काय अट घालतो ती पाहा. देवीला वाहिलेला चालतो, घरात नांदणारा चालत नाही. त्याच्या पाया पडतील, पण त्याला शेतात वाटा, नोकरी वा जोडीदार देणार नाहीत. आणि वाहिलेली ही मुले-मुली कोणत्या जातींची, हे पाहायला संशोधन लागत नाही. १६ जून १९३६ ला मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी बाबासाहेबांसमोर जमल्या, तेव्हा त्यांनी त्यांना हे मिंधे जिणे सोडून स्वाभिमानाने जगा असेच सांगितले. पाया पडणे म्हणजे समता नव्हे. बहिष्काराला हळद-कुंकू लावले की त्याचा मान होत नाही.

बौद्धांनी काय करायचे?

आता आपल्या घरात येऊ. विहारात हा विषय काढला की काही उपासक विनयपिटकाकडे बोट दाखवतात : पंडकाला संघात प्रवेश नाही. खरे आहे. महावग्गात तो नियम आहे. पण त्याच महावग्गात कर्जबाजारी, राजाचे सैनिक, दास आणि कुष्ठासारख्या रोगांनी पीडित यांनाही प्रव्रज्या नाकारली आहे. मग कर्जबाजारी शेतकरी पापी आहे का? महार रेजिमेंटचा जवान पापी आहे का? ते नियम संघ चालवण्याच्या सोयीचे होते, उपासकांच्या नीतीचे नव्हते. ब्रह्मचर्य मोडणाऱ्या भिक्खूला पहिल्या पाराजिकात संघाबाहेर काढले जाते. जोडीदार स्त्री होती की पुरुष, याने दोष कमी-जास्त होत नाही.

उपासकासाठी तिसरे शील आहे. ते फसवणूक, जबरदस्ती आणि दुसऱ्याच्या संसारात शिरणे टाळायला सांगते. या शीलाच्या पाली विवरणात वर्ज्य स्त्रियांची यादी आहे, समलिंगी प्रेमाचा उल्लेख नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्याची कथा येते. महाकच्चान थेरांचे सुंदर रूप पाहून, हे आपली पत्नी असते तर, असे या श्रेष्ठिपुत्राच्या मनात येते. तो स्त्री होतो, तक्षशिलेला संसार करतो, पुढे थेरांची क्षमा मागून पुन्हा पुरुष होतो, संघात येतो आणि अर्हत होतो. सदोमवर आग बरसली. सोरेय्याला अर्हतपद मिळाले. आणि कोणत्याही जुन्या वचनापाशी अडखळलो तर बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्याचा धम्म" मध्ये कसोटी देऊन ठेवली आहे : जे बुद्धीला पटत नाही, माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धाच्या नावावर खपवू नये.

दुसरा आक्षेप असा की हा उच्चभ्रूंचा विषय आहे, आपल्याला भाकरीचे प्रश्न आहेत. आम्ही वस्तीत काम करतो म्हणूनच सांगतो, किंमत गरिबाचेच मूल मोजते. पैसेवाल्याचा मुलगा पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहतो. आपला मुलगा दहा बाय दहाच्या घरात चार भावंडांत झोपतो. तो काही बोलला की उतारा एकच : लग्न करून टाका, होईल सरळ. मग मंगल परिणय होतो. पांढरी वस्त्रे, त्रिसरण, पंचशील, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार. आणि एका परक्या मुलीचे आयुष्य त्या खोट्याला जुंपले जाते. ती मुलगीही आपलीच आहे. तिला न सांगता केलेले हे लग्न चौथ्या शीलाचा, खोटे न बोलण्याचा भंग आहे. त्या मांडवात पाप शोधायचेच असेल तर ते मुलाच्या मनात शोधू नका. ज्यांनी माहीत असून हे लग्न लावले त्यांच्यात शोधा.

कायदा आपल्या पुढे गेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात ३७७ चा हा भाग रद्द केला. त्या निकालाचा कणा होता संवैधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ज्याची मागणी केली होती तोच शब्द. लोकांची नैतिकता आणि संविधानाची नैतिकता वेगळ्या असू शकतात, आणि दुसरी मुद्दाम रुजवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच महिन्यात, २७ सप्टेंबरला, बायकोला नवऱ्याची मालमत्ता मानणारे ४९७ ही गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ राहिलेच नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. पुन्हा तेच. खासगी खोलीत काय करता ते करा. लग्नाच्या मांडवाला हात लावू नका. मनूनेही जवळपास हेच सांगितले होते.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. विहारांच्या वर्षावासातल्या प्रवचनांत या विषयावर एक दिवस बोलले जावे. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी, मुलगा किंवा मुलगी नको म्हणत असेल तर जबरदस्तीने लग्न लावणार नाही, असे ठरवावे. आणि घरातल्या कोणी तोंड उघडले, तर त्याला भगताकडे वा बाबाकडे न नेता आधी ऐकून घ्यावे. ज्या समाजाने "तुमचा जन्मच विटाळाचा" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकले, त्याने ते आपल्याच लेकराला ऐकवू नये.

जय भीम! जय संविधान!